आधी रिजेक्शन दाखव

आप्पा बेळगावहून निपाणीला लाल बसने जायचे, आणि त्यांची स्वतःची गाडी त्या बसच्या मागोमाग रिकामी यायची.

मला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं तेव्हा मी नुसती हसले होते. पैसेवाल्या माणसांबद्दल आमच्या गावात अशा गोष्टी तयार होतच असतात. पण एका सकाळी मी खरोखरच त्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते आणि मागच्या काचेतून पांढरी गाडी दिसत होती. काकती गेलं, संकेश्वर गेलं, तवंदीच्या घाटात बस गुरगुरत चढू लागली, तरी गाडी मागेच. पुढे काढायची ड्रायव्हरला परवानगी नव्हती. स्टँडवर कंडक्टरने “मुंद बर्री आप्पा, मुंद बर्री,” पुढे या, असं कन्नडमध्ये म्हणत त्यांच्यासाठी अगदी पुढची जागा मोकळी केली होती. ती सोडून ते मध्ये येऊन बसले. पुढे बसलं की फक्त इंजिन ऐकू येतं, मागे बसलं की पत्रा. मध्ये बसलं की सगळी बस ऐकू येते, असा त्यांचा हिशोब.

“गाडीत मी एकटाच असतो,” ते म्हणाले. “माझं मलाच किती ऐकू?”

बसमध्ये त्यांना काय काय ऐकू यायचं ते मी त्या दिवशी पाहिलं. कुणाच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला. कुणाचा जुना कामगार गावाकडे परत गेला. कुठल्या मालकाने मुलीच्या लग्नाचा हॉल ऐनवेळी बदलून लहान घेतला. आप्पा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. निपाणीला उतरल्यावर त्यांनी आपल्या कंपनीच्या शाखेच्या मॅनेजरला विचारलं, “त्यो हॉल बदलणारा आपलाच कर्जदार न्हवं?” मॅनेजर गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

आप्पांची फायनान्स कंपनी होती. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या फाउंड्र्या, म्हणजे लोखंड ओतायचे कारखाने, आणि मशीन शॉप यांना ते कर्ज द्यायचे; निपाणी आणि चिकोडीला शाखा होत्या. लहानपणी ते निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कामाला होते. तिथून इथपर्यंत कसे आले, ते इंग्रजीत लिहून काढायचं काम मला मिळालं होतं. कल्पना त्यांच्या मुलाची. विमानतळावरच्या दुकानांत असतात तसं पुस्तक त्याला हवं होतं: एका यशस्वी माणसाचं आयुष्य आणि त्यातून धंद्याचे धडे. माझे वडील वकील, त्यांच्या कंपनीची कागदपत्रं बघायचे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजीत एम.ए. केलेली आणि घरी बसलेली. तेवढ्यावर माझी निवड झाली.

पहिल्या दिवशी मी त्यांच्या ऑफिसात गेले आणि कुठे बसायचं तेच कळेना. टेबल नव्हतं. भिंतीला लागून एक लांब लाकडी बाक होता, त्याच्या एका टोकाला आप्पा बसले होते. समोर खिडकी आणि खिडकीबाहेर उद्यमबागेचे पत्रे.

“बस की शेजारी,” ते म्हणाले.

मी मध्ये एक माणूस मावेल एवढं अंतर ठेवून बसले.

“बोलत न्हाईस काय गं?”

“बोलते.”

“किती?”

मी वही उघडली. त्यांनी मान डोलावली. “झ्याक हाय. लिवणाऱ्यानं गप बसावं.” आणि त्या दिवसापासून मी त्यांची ‘टीचर’ झाले. मी कुणाला काही शिकवलेलं नाही, हे मी दोनदा सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

त्या बाकावर हळूहळू मला कळलं की तो तसा का आहे. कर्ज मागायला आलेला माणूस आप्पांच्या समोर बसायचाच नाही, शेजारी बसायचा. दोघंही खिडकीबाहेर बघत बोलायचे. “समोर बसवलं की माणूस माझं तोंड बघतो आणि मला काय आवडंल ते बोलतो,” ते म्हणायचे. “शेजारी बसला की दोघंबी एकच गोष्ट बघत असतो.” मला स्वतःला लोकांच्या डोळ्यांत बघून बोलणं कधीच जमलेलं नाही. माझी ही खोड कुणाच्या तरी कामाची असू शकते, असं मला त्या बाकावर पहिल्यांदा वाटलं.

मुलाला मात्र धडे हवे होते. मोजके, ठळक, प्रत्येकाला एक प्रकरण. तो दर आठवड्याला यायचा आणि बाकाजवळ उभा राहून विचारायचा.

“आप्पा, पहिला धडा काय ठेवायचा?”

“दुपारी झोपावं.”

“आप्पा, मी सीरियस आहे.”

“मीबी. दुपारी सही मागाय जो येतो, त्याला तू सकाळी न्हाई म्हटलेलं असतंस.”

मुलगा माझ्याकडे बघायचा. मी वहीत बघायचे.

“दुसरा?”

“ज्याच्या घरचा च्या लई गोड, त्याला थोडं थांबून द्यावं.”

“हे कसं लिहिणार ती इंग्रजीत?”

“मग तूच सांग की. तू एमबीए, ती टीचर, मधी मी कशाला?”

पण एक गोष्ट ते चेष्टेने बोलत नसत. कर्जासाठी कुणी आलं की त्याचे कागद बघण्याआधी ते त्याच्या कारखान्यावर जायचे, आणि तिथे मालक तयार मालाकडे न्यायला लागला की हात वर करायचे. “त्यो ऱ्हाऊ दे. आधी रिजेक्शन दाखव.”

फाउंड्रीत ओतलेला सगळाच माल चांगला निघत नाही. कशात भोकं राहतात, कशाचा कोपरा भरत नाही. असा वाया गेलेला माल बाजूला टाकतात, नंतर पुन्हा वितळवतात. कुठलाही मालक तो ढीग पाहुण्याच्या नजरेला पडू देत नाही. आप्पांना तोच बघायचा असे. ढीग किती मोठा आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. एकेक तुकडा उचलून ते मालकाला विचारायचे, “हे का बिघडलं?” मालक वाळूला दोष देतो, विजेला देतो, कामगाराला देतो की खरं कारण सांगतो, एवढंच ऐकायचं. बहुतेक वेळा त्यांचा निर्णय तिथेच झालेला असे.

ही गोष्ट उद्यमबागेत पसरल्यावर जे झालं ते आप्पा स्वतःच हसत सांगायचे. एका मालकाने आप्पा येणार म्हणून शेजारच्या फाउंड्रीतून टेम्पोभर रिजेक्शन उसनं आणलं आणि दाराशी छान रचून ठेवलं. आपण किती मोकळे आहोत ते दिसावं म्हणून. आप्पांनी एक तुकडा उचलला आणि विचारलं, “हे का बिघडलं?” मालक म्हणाला, “आप्पा, वाळू ओली हुती.” आप्पांनी तुकडा उलटा केला. त्यावर शेजाऱ्याच्या फाउंड्रीची खूण ओतलेली होती.

“मग दिलं का त्याला कर्ज?” मी विचारलं. मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

“न्हाई. शेजाऱ्याला दिलं. त्यो आपलं रिजेक्शन दुसऱ्याला उसनं देतोय म्हणजे त्याला लाज न्हाई. लाज नसलेला सुधारतो.”

नकार द्यायची त्यांची रीत वेगळीच होती. ती ते वखारीतून घेऊन आले होते. तिथे तंबाखूचा भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा ठरायचा. भोवती दहा माणसं उभी असली तरी कोण किती खाली आला ते त्या दोघांनाच ठाऊक. आप्पांच्या खांद्यावर नेहमी एक पांढरा टॉवेल असायचा. कुणाला नाही म्हणायचं असलं की ते टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचे आणि खालून त्याचा तळहात हलकेच मिटायचे. चहा आणणाऱ्यालाही कळायचं नाही, काय ठरलं ते. “न्हाई हे दोघातलं असतं,” ते म्हणायचे. “तिसऱ्यानं ऐकलं की त्याची बदनामी झाली. बदनाम झालेल्याला मग कोणच देत न्हाई.” अपमान होऊ न देता नाही म्हणता येतं हेच मला माहीत नव्हतं. आमच्या शाळेत ते कुणी शिकवलं नव्हतं, आणि घरी नाही म्हणायची पद्धतच नव्हती.

त्या पावसाळ्याच्या शेवटी आक्का आल्या.

पन्नाशीच्या बाई, नवरा गेल्यापासून त्याची फाउंड्री चालवत होत्या. पंधरा-वीस माणसं कामाला. कागलच्या बाजूला पंप बनवणारा एक मोठा कारखाना होता, त्याला आक्का पंपाच्या बॉड्या, म्हणजे बाहेरची लोखंडी कवचं, पुरवायच्या. एवढं एकच मोठं गिऱ्हाईक. त्या कारखान्याने अख्खी गाडी परत पाठवली होती. सगळ्या बॉड्यांत भोकं. आठवडाभरात चांगला माल गेला नाही तर ऑर्डर दुसऱ्याला जाणार होती, आणि ऑर्डर गेली की फाउंड्रीला कुलूप. त्यांनी बाकावर बसून, खिडकीबाहेर बघत, एवढी मोठी रक्कम मागितली की माझं पेन थांबलं. नवीन भट्टी, पगार, जुनी देणी, सगळं त्यात होतं. घर आधीच बँकेकडे गहाण होतं. आप्पांच्या मुलाने मागून मला खुणेनेच सांगितलं, यात काही नाही.

आप्पा म्हणाले, “चल, बघू.”

फाउंड्रीच्या दारातच परत आलेला सगळा माल पडला होता. झाकलेला नव्हता, रचलेलाही नव्हता. गाडीतून उतरवला तिथेच होता, आणि कामगार त्याला वळसा घालून आतबाहेर करत होते. आप्पांनी एक बॉडी उचलली.

“हे का बिघडलं?”

“माझ्यामुळं,” आक्का म्हणाल्या. “त्या दिवशी मधीच वीज गेली. परत आली तवर लोखंड थंड व्हाय लागलंतं. मेस्त्री म्हणाला, आक्का, परत तापवू. मी म्हटलं, गाडी उभी हाय, वता. मी वता म्हटलं म्हणून वतलं.”

आप्पा बराच वेळ ती बॉडी हातात फिरवत राहिले. मग त्या ढिगावरच बसले, आक्कांना शेजारी बसवलं आणि खांद्यावरचा टॉवेल काढला.

मला दिसलं ते एवढंच: टॉवेलाखाली हात गेले आणि आक्कांची मान जराशी खाली झाली. मेस्त्री लांबून बघत होता. त्याला काहीच कळलं नसणार. मला कळलं, आणि मला आप्पांचा राग आला. खरं बोललेल्या बाईला हे उत्तर?

“आता ऐक,” आप्पा म्हणाले. “तुला पैसे लागत न्हाईत. तुला वेळ लागतोय. वेळ माझ्याकडं न्हाई, त्या पंपवाल्यांकडं हाय. पैशाचं व्याज देत बसशील आणि वेळ तेवढाच ऱ्हाईल. त्यांच्याकडं मागाय जाऊ.”

“मला कोण आत घेणार, आप्पा?”

“मी येतो की. टीचर येती.”

आम्ही तिघं बसने गेलो. कापडी पिशवीत ती खराब बॉडी होती आणि पिशवी आप्पांच्या मांडीवर. कारखान्याच्या रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, कुठली कंपनी? आप्पांनी आक्कांच्या फाउंड्रीचं नाव सांगितलं. गळ्यात अडकवायचा पास मिळाला, त्यावरही तेच नाव. आम्हाला सकाळपासून जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत बसवून ठेवलं. ज्या माणसाला बघून अर्धी उद्यमबाग उठून उभी राहते, तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लोखंडाची पिशवी मांडीवर घेऊन, गळ्यात दुसऱ्याचं नाव घालून बसला होता. एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. एक फोन केला असता तर वरच्या साहेबांपर्यंत पोचले असते. मी तसं हळूच सुचवलं.

“मग ती माझी ऑर्डर हुईल,” ते म्हणाले. “तिची न्हाई.”

खरेदी विभागाचा मॅनेजर तरुण होता, चेन्नईकडचा. मराठी येत नव्हतं, कन्नडही नाही. त्याच्या केबिनमध्ये गेल्या गेल्या आप्पांनी समोरची खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी नेऊन ठेवली. तो दचकून उठलाच. आप्पा शांतपणे बसले, बॉडी टेबलावर ठेवली आणि आक्कांना म्हणाले, “मला सांगितलंस तसं सांग. टीचर, तू त्येंच्या भाषेत सांग.”

अनोळखी माणसासमोर बोलणं मला जमत नाही, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं. आक्का बोलल्या. मी इंग्रजीत सांगितलं, नीट, शाळेत शिकवतात तसं: पुरेसं तापमान नसताना ओतकाम झालं.

आप्पा माझ्याकडे वळले. “ती ‘मी’ म्हणाली. तू ‘आय’ म्हणालीस काय?”

मी पुन्हा इंग्रजीत सांगितलं, या वेळी ‘आय’ने सुरू करून. मी ओतायला सांगितलं, माझी माणसं नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. सांगताना मी पहिल्यांदाच त्या मॅनेजरकडे सरळ बघितलं. तो बॉडीतल्या भोकाकडे बघत होता. पुरवठादारांकडून त्याने आजवर काय काय कारणं ऐकली असतील कोण जाणे. त्याने आक्कांना भट्टीबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले, मी ते पोचवले, आणि मग म्हणाला, आठवडा नाही, पंधरा दिवस देतो. आणि आप्पांकडे बोट दाखवून त्याने विचारलं, हे गॅरंटी देतात का?

“न्हाई म्हणून सांग,” आप्पा म्हणाले. “माझ्या गॅरंटीनं लोखंड तापत न्हाई.”

हे मी जसंच्या तसं सांगितलं. मॅनेजर हसला. परतीच्या बसमध्ये आक्का खिडकीशी बसून रडल्या आणि आप्पा डोळे मिटून सगळी बस ऐकत राहिले.

त्या पंधरा दिवसांत आक्कांच्या माणसांनी पगाराचं नाव काढलं नाही. शेवटच्या दिवशी आप्पा मला घेऊन फाउंड्रीवर गेले. बहुतेक माल तयार होता, पेट्यांत भरला होता. शेवटचं ओतकाम राहिलं होतं. माल न्यायला आलेली गाडी आवारात उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मेस्त्रीने लॅडल, वितळलेलं लोखंड न्यायची मोठी बादली, भरून घेतली, लाल प्रकाश सगळ्यांच्या तोंडावर पडला, आणि तेवढ्यात वीज गेली. लॅडल उचलणारी क्रेन वाटेतच अडकली.

वीज आली तेव्हा लोखंडाचा रंग उतरला होता. ते मलासुद्धा दिसलं.

“आक्का, चालतंय की,” मेस्त्री म्हणाला. “थोडंच तर राहिलंय. वतू.”

“न्हाई.”

“आक्का, गाडी उभी हाय. आज शेवटचा दिवस.”

“उभी ऱ्हाऊ दे. परत भट्टीत घाला.”

“मग आज व्हत न्हाई बघा.”

“न्हाई तर न्हाई. मी वता म्हणनार न्हाई.”

सगळी माणसं आप्पांकडे बघायला लागली. त्यांच्या तोंडून एक शब्द आला असता तर ते ओतलं गेलं असतं. आप्पा जमिनीकडे बघत होते. टॉवेलाचं एक टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. त्यांचा एक रुपयाही यात अडकलेला नव्हता, आणि तरी त्यांच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. एवढ्या मोठ्या माणसाला गप्प राहायला इतकी ताकद लागते, हे मला तिथे कळलं.

लॅडल मागे फिरली. आक्कांनी पदराने कपाळ पुसलं आणि माझ्याकडे हात केला. “टीचर, त्या सायबाला फोन लाव.”

मी लावला. मनात वाक्यं जुळवत होते. पण त्यांनी फोन माझ्याकडून काढून घेतला.

“सर,” त्या मोठ्याने म्हणाल्या, “टुडे नो. मेटल कोल्ड. आय... आय से नो. टुमारो.”

भट्टी घुमत होती. मग फोनमधून त्याचा आवाज आला आणि तो काय म्हणतोय ते मी आक्कांना सांगितलं. उद्या, पण संध्याकाळच्या आत. आणि गाडीवाल्याला फोन द्या, आमचा माणूस बोलेल त्याच्याशी.

आक्कांनी फोन ड्रायव्हरकडे दिला आणि एका रिकाम्या साच्याच्या पेटीवर मटकन बसल्या. आप्पा जाऊन त्यांच्या शेजारी बसले. आता दोघंही भट्टीकडे बघत होते.

“आता सांग,” आप्पा म्हणाले. “किती पायजेत?”

आक्कांनी जरा विचार केला. “पगारापुरतं.”

“आणि त्या दिवशी मागितलंस ते?”

“तवा भ्यालते, आप्पा. भिऊन मागितलंतं.”

आप्पा मोठ्याने हसले. त्यांना इतकं मोकळं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. मेस्त्रीही काही न कळता हसायला लागला. माझी वही उघडी होती. आयुष्यभराचा धंदा एका वाक्यात मावावा असं वाक्य समोर आलं होतं, आणि मुलाला हवा होता तो पहिला धडा मला मिळाला होता. आक्कांचं ‘भिऊन मागितलंतं’ मी भराभर लिहायला लागले.

आप्पांनी हात पुढे करून माझं पेन धरलं.

“ते माझ्या बुकात घालू नगोस.”

“का? यापेक्षा चांगलं काय असणार?”

“चांगलं हाय म्हणूनच,” ते म्हणाले. “ते तिचं हाय. माझं न्हाई.”